दहाच्या आत, पाचच्या पुढे : वीस महिन्यांच्या लेकीबरोबर वेळास ते हर्णै

शिमगा उलटलेला आणि पाडवा अजून यायचा, असे फाल्गुनातले चार दिवस. रस्ता पुणे–ताम्हिणी–बागमांडला–वेळास–आंजर्ले–हर्णै–दापोली आणि परत. गाडीत आई, बाबा, आजी आणि मागच्या सीटवर वीस महिन्यांची लेक.

रांगतं-धावतं पोर घेऊन मार्चअखेर कोकणात जायचं म्हटलं की घरातली मोठी माणसं आधी उन्हाचं काढतात, आणि ते बरोबरच आहे. किनाऱ्यावर या दिवसांत पारा तेहतीस-पस्तीस असतो, लाट आली तर अडतीसवर जातो. त्यात घाम न वाळण्याइतकी दमट हवा. म्हणून दिवस सरळ कापून घ्यायचा. पोर बाहेर काढायचं ते सकाळी दहाच्या आत, नाहीतर संध्याकाळी पाचच्या पुढे. मधले सात तास सावली, जेवण, झोप. गंमत म्हणजे वेळासला कासवाची पिल्लं समुद्रात सोडतात त्या वेळाही याच: सकाळी सातच्या आसपास आणि संध्याकाळी सहाच्या आसपास. पहाटे पावणेसहाला टक्क जागं होणारं पोर इतर सहलींत डोकेदुखी असतं, इथे तेच कामाला येतं.

सामानाचं एकदाच सांगून टाकते. डायपर दिवसाला पाच धरून वीस आणि वर चार. वापरलेले डायपर गावात टाकायचे नाहीत. तिथे कचऱ्याची गाडी येत नाही आणि कुत्री ते उकरून काढतात. झाकणाचा एक डबा गाडीत ठेवून सगळे परत आणायचे. मलमलची धुतलेली फडकी डझनभर. पूर्ण बाह्यांचे पातळ सुती कपडे दिवसाला तीन जोड. मानेवर कापड येणारी टोपी. मच्छरदाणी घरचीच न्यावी, पलंगाच्या मापाची नव्हे तर छत्रीसारखी उघडणारी. ओआरएसची चार पाकिटं. तापाच्या औषधाचा डोस मुलांच्या डॉक्टरांकडून सध्याच्या वजनाप्रमाणे लिहून घ्यावा, सहा महिन्यांपूर्वीचा कागद चालत नाही. आणि बुटांचं एक लक्षात ठेवा: पाऊल टाकलं की लाल दिवा लागणारे आणि चूं-चूं वाजणारे बूट घरीच राहू द्या. का ते पुढे येईल.

पहिला दिवस : पुणे ते वेळास

पहाटे पाचला झोपलेली लेक उचलून थेट तिच्या सीटमध्ये. अंगावरचे कपडे रात्रीच प्रवासाचे घातले होते, त्यामुळे झोपमोड नाही. दोन वर्षांच्या आतल्या मुलांना गाडी लागण्याचं प्रमाण तसं कमी असतं, पण पोटात वाटीभर दूध डचमळत असेल तर घाटात ते बाहेर येतंच. म्हणून मुळशीपाशी जाग आल्यावर तूप न लावलेली अर्धी पोळी आणि दोन घोट पाणी एवढंच. दूध घाट उतरल्यावर. ताम्हिणीत वळणांवर ताशी तीसच्या वर जायचं नाही, मागची काच बोटभर खाली, आणि पुस्तक-मोबाइल दोन्ही बंद.

एवढं करूनही ओकारी झालीच तर एक गोष्ट माहीत असावी. सीटचे पट्टे साबणाच्या पाण्यात बुडवून धुवायचे नसतात, त्यानं धाग्याची ताकद जाते. नुसत्या ओल्या फडक्यानं पुसायचे. सीटचं वरचं कापड मात्र काढून धुता येतं.

पौड ओलांडलं की माळावर पळस दिसतो, पुढे घाटात पांगारा आणि काटेसावर. पानं नसलेल्या झाडावर नुसती लाल फुलं. सावरीखाली थांबायला पाच मिनिटं काढावीत. तिची फुलं मांसल आणि जड, मुठीत मावत नाहीत अशी, खाली पडताना धप्प आवाज होतो. वीस महिन्यांच्या हाताला याहून चांगलं खेळणं नाही. पाकळ्या उलगडतात, फाटतात, पाण्याच्या बाटलीत जातात. फूल हातात देण्याआधी झटकायचं, आत मुंग्या असतात. आणि झाडाच्या बुंध्यापासून पोर लांब ठेवायचं. कोवळ्या सावरीला खोडभर काटे असतात, म्हणून तर ती काटेसावर.

माणगावला नाश्ता, मग म्हसळा, श्रीवर्धनच्या बाजूनं बागमांडल्याची जेट्टी. पुण्यापासून पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास. इथे घोटाळा झाला. शनिवार होता, गाड्यांची रांग रस्त्यावर वळणाच्या पलीकडे गेलेली, आणि फेरीबोटीत जागा मिळायला तासभर गेला. अकराचं ऊन. बंद गाडीत पोर ठेवून उतरणं कधीच करायचं नाही, काच उघडी असली तरी. चालकानं रांगेत राहावं आणि बाकीच्यांनी पोर घेऊन सावलीत जावं. आजीनं टपरीच्या पडवीत चटई टाकली आणि एक शहाळं फोडून घेतलं. तासाभराचा प्रश्न वाटीत पाणी ओतणं आणि परत शहाळ्यात ओतणं यावर सुटला. शनिवारी निघणार असाल तर जेट्टीवर नऊच्या आत पोचा, म्हणजे पुण्याहून चारला.

सावित्रीची खाडी ओलांडायला दहा-पंधरा मिनिटं लागतात. बोटीवर गाडी चढली की पोराला कडेवर घेऊन उतरावं, पण खाली सोडू नये. लोखंडी पत्रा तापलेला असतो आणि साखळीचा रॅम्प खाली पडताना जो खणखणाट होतो त्यानं लहान मूल दचकून धावतं. बाजूचा कठडा मोठ्या माणसाच्या मापाचा आहे, खालच्या फटीतून पोर सहज जाईल एवढी जागा असते. पलीकडे वेसवी, तिथून बाणकोटवरून वेळास.

वेळास मंडणगड तालुक्यातलं गाव, नाना फडणविसांचं मूळ गाव. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं 2002 मध्ये इथे कासवांची घरटी राखायला सुरुवात केली आणि 2006 पासून कासव महोत्सव भरतो. हॉटेलं नाहीत, राहायचं गावातल्या घरांत. घर ठरवताना खोलीच्या आधी तीन गोष्टी विचारा: विहिरीला कठडा किती उंच आहे, न्हाणीघर खोलीपासून किती लांब आहे, आणि मऊभात कराल का. तिसऱ्याचं उत्तर सगळीकडे ‘त्यात काय विचारायचं’ असंच येतं.

साडेबाराला पोचल्यावर पानात मऊभात, साजूक तूप, मीठ, वर मेतकूट. मोठ्यांना फणसाच्या कुयरीची भाजी, कुळथाचं पिठलं, तांदळाची भाकरी आणि सोलकढी. पोराला सोलकढी देण्याआधी चाखून बघा, वाटणात हिरवी मिरची असते. काकूंना आधी सांगितलं तर मिरची घालण्यापूर्वी वाटीभर बाजूला काढून ठेवतात. कुयरीचे रेषे लहान मुलाच्या घशात अडकतात, तेव्हा तेही मोठ्यांच्याच पानात.

दुपारची झोप कुठे घालायची याला शाळेतला भूगोल उपयोगी पडतो. रात्री आणि पहाटे मतलई वारे, जमिनीकडून समुद्राकडे. दुपारी बारा-एकपासून खारे वारे, समुद्राकडून जमिनीकडे. म्हणजे दुपारी पश्चिमेकडची पडवी आणि रात्री पूर्वेची खिडकी. कौलारू घरात माजघर गार असतं खरं, पण तिथे वारा फिरत नाही. पश्चिमेच्या पडवीत मच्छरदाणी लावली आणि लेक दीड ते साडेतीन झोपली. चटई माडाखाली मात्र कधीच घालायची नाही. झाप आणि नारळ सांगून पडत नाहीत.

पाचला समुद्रावर. गावातून किनाऱ्यापर्यंत चालत वीस-पंचवीस मिनिटं. ढकलगाडी आणली असेल तर ती घरीच ठेवा, चाकं वाळूत पहिल्या दहा पावलांत रुततात. छातीशी बांधायची झोळी किंवा आळीपाळीनं कडेवर. परतताना अंधार होतो, विजेरी हवी.

त्या संध्याकाळी पिल्लं निघाली नव्हती. असं होतं. स्वयंसेवकांनी घरट्यावरची टोपली उचलून दाखवली, खाली नुसती वाळू. पंचवीस-तीस माणसं हिरमुसून पांगली. पोराला त्याचं काहीच नव्हतं, कारण ओहोटीच्या ओल्या वाळूवर खेकड्यांनी काम मांडलं होतं. नखाएवढे खेकडे वाळू तोंडात घेऊन त्यातलं खाणं वेचतात आणि उरलेल्या वाळूची गोळी करून मागे टाकतात. बिळाभोवती मोहरीएवढ्या-ज्वारीएवढ्या गोळ्यांचं चक्र पसरतं. बोट लावलं की गोळी विरते. लेक उकिडवी बसली आणि एकेक गोळी बोटानं मोडत गेली, अर्धा तास. हे बघायचं तर ओहोटीची वेळ काढून जा, भरती आली की सगळं पुसलं जातं.

वाळू काढायची रीत: अंग ओलं असताना चोळायचं नाही, कातडी लाल होते. आधी वाळू वाऱ्यावर सुकू द्यायची, मग मलमलच्या फडक्यानं हलकेच झटकायची, आणि शेवटी तांब्याभर गोडं पाणी. डायपर किनाऱ्यावरच उतरवून पिशवीत घ्यावा. त्याच्या काठात अडकलेली वाळू रात्रभर जांघेत घासते आणि सकाळी पुरळ दिसतं. डोळ्यात वाळू गेली तर हात धरून ठेवायचे, चोळू द्यायचं नाही, आणि प्यायच्या पाण्याची धार डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याकडून बाहेर सोडायची.

दुसरा दिवस : वेळास

साडेचारला कोकिळेनं उठवलं. वसंताचं कौतुक करणाऱ्यांनी कोकणातल्या आंब्याखाली मूल झोपवून बघावं. पहिल्या रात्री नवी जागा, नवे आवाज, त्यामुळे दोनदा जाग येणार हे धरूनच चाला. घरची चादर आणि घरचीच उशी नेली तर तिसऱ्यांदाची जाग टळते.

सव्वासहाला किनाऱ्यावर. आज टोपलीखाली वाळू हलत होती.

काय असतं ते थोडक्यात. ऑलिव्ह रिडले जातीची मादी रात्री किनाऱ्यावर येते, दीड फुटाच्या आसपास खड्डा करून शंभर-सव्वाशे अंडी घालते आणि निघून जाते. कोल्हे, कुत्री आणि पूर्वी माणसंही ती अंडी उकरून नेत. म्हणून स्वयंसेवक पहाटे माग काढून अंडी हलवतात आणि कुंपणाच्या आत तेवढ्याच खोलीच्या खड्ड्यात ठेवतात. पंचेचाळीस-पन्नास दिवसांनी पिल्लं वर येतात, म्हणून दिवस भरत आले की घरट्यावर टोपली पालथी घालतात. वाळू जितकी गरम तितक्या माद्या जास्त, असा त्यांचा हिशेब असतो.

पिल्लं पाण्यापासून काही अंतरावर सोडतात, त्यांनी स्वतः चालत जावं म्हणून. दोन्ही बाजूंना दोऱ्या बांधलेल्या, माणसं दोरीबाहेर. आता बुटांचं. पिल्लू उजेडाकडे वळतं. मोबाइलचा फ्लॅश, विजेरी, आणि पोराच्या टाचेत लुकलुकणारा लाल दिवा, सगळं त्याला सारखंच. दुसरी गोष्ट पावलांची. दोरीच्या आत पाय टाकू नका म्हणतात ते शिस्तीसाठी नाही. पिल्लू दोन बोटांएवढं. लेकीचं पाऊल बारा सेंटिमीटरचं, तरी ओल्या वाळूत त्याचा जो ठसा उठतो त्यात पिल्लू आडवं पडतं आणि बाहेर यायला मिनिट-मिनिट घेतं. असा एक ठसा दोरीच्या कडेला उठला होता. काळपट राखाडी पिल्लू टाचेच्या खड्ड्यात उतरलं, पुढचे दोन पाय काठाला लावले, घसरलं, पुन्हा लावले. स्वयंसेवकानं तळहातानं काठ सपाट करून दिला. मोठ्या माणसाचा ठसा तर त्याला विहीरच.

म्हणून पोर कडेवर किंवा मांडीवर, पुढच्या रांगेत, गुडघ्यावर बसून. उभं राहून कडेवर घेतलं तर इतक्या लहान जीवाकडे वरून तिचं लक्षच जात नाही. डोळे जमिनीपासून दोन फुटांवर असले की दिसतं. आणि हात धरून ठेवा, कारण हात पुढे जाणारच. शेजारच्या मावशींनी ‘बाय, हात नको लावूस गो’ म्हटल्यावर तिनं हात मागे घेतला आणि तोच वाळूत खुपसला. पंधरा-वीस मिनिटांत शेवटचं पिल्लू लाटेत गेलं. पोराचं लक्ष त्यातली पाच मिनिटं टिकतं, पुढचा वेळ वाळूचा. तेवढं पुरे.

आठला परत, तांदळाचे घावन आणि गूळ-खोबरं. त्यानंतर एक अनपेक्षित प्रकार. पलीकडच्या घराच्या अंगणात कोंबडीची पिल्लं डालग्याखाली झाकलेली होती. सकाळी टोपली उचलताना बघितलेलं, त्यामुळे लेक तुरुतुरु गेली आणि डालगं उलथलं. बारा पिल्लं बारा दिशांना. घरातले आजोबा, मुलं, सगळे अंगणात. ती मात्र टाळ्या वाजवत समुद्राच्या दिशेला बोट दाखवत होती. धरपकड झाल्यावर हात साबणानं धुवून घ्या, कोंबड्यांच्या विष्ठेतून जुलाब लागतात आणि या वयात बोट कायम तोंडात असतं.

जुलाबाचं निघालंच आहे तर: ओआरएसचं पूर्ण पाकीट एका लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात. अर्धं पाकीट अर्ध्या ग्लासात, असा अंदाजपंचे कारभार नको, प्रमाण चुकलं की उलटा त्रास होतो. केलेलं पाणी चोवीस तासांनी ओतून द्यायचं. दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक जुलाबानंतर पन्नास ते शंभर मिली, चमच्या-चमच्यानं. लघवी कमी झाली, रडताना डोळ्यांत पाणी येईना किंवा पोर मलूल पडलं तर घरगुती उपाय बाजूला ठेवून मंडणगड किंवा दापोली गाठायची.

नऊ ते दहा परसात. कोकणातल्या अंगणात मुलासाठी विकतचं काही न्यावं लागत नाही. पोफळीची गळलेली विरी घ्यावी, म्हणजे झावळीच्या बुडाशी असते ती रुंद, पन्हळीसारखी साल. तिच्यात पोराला बसवायचं आणि झावळीचा दांडा धरून अंगणभर ओढायचं. विरी फार सुकलेली नको, तडकते आणि कड कापते. आदल्या दिवशी पडलेली, थोडी लवचिक असेल ती निवडायची. दगडी पायरीपासून लांब, सारवलेल्या खळ्यावर. ओढणाऱ्यानं सावकाश चालावं, वेग घेतला की पोर मागच्या मागे डोक्यावर आपटतं. म्हणून पाठीमागे एकानं हात धरून चालायचं. आजी मागे, बाबा पुढे, आणि मध्ये ‘अजू’, म्हणजे अजून. एकवीस फेऱ्या.

याच दिवसांत काजूचा हंगाम असतो, आणि इथे सगळ्यात जास्त जपायचं. बोंडूच्या टोकाला लोंबणारी हिरवी बी दिसायला खेळणं, पण तिच्या टरफलातलं तेल कातडी जाळतं. अक्षरशः फोड येतात. मुलाच्या हाती ती बी द्यायची नाही, तोंडात तर नाहीच. लागलंच तर लगेच साबण आणि भरपूर पाणी. काजू, आंबा आणि बिब्बा एकाच कुळातले, म्हणून आंब्याच्या देठाच्या चिकानंही ओठांच्या कडा उततात. आंबा देठाकडून कापून चीक गळू द्यायचा, तासभर पाण्यात ठेवायचा, मगच पोराच्या हातात फोड. ओल्या काजूगरांची उसळ पानात आली तर दाणे बोटानं कुस्करून, आणि पहिल्यांदाच काजू देत असाल तर नखभर देऊन दोन तास वाट बघा. अख्खे काजू, शेंगदाणे चार वर्षांपर्यंत नाहीतच, श्वासनलिकेत अडकतात. बोंडूचा रस कपड्यावर पडला तर डाग कायमचा, तेव्हा त्या वेळी जुनं झबलं घाला. काजूच्या झाडाखाली चटई टाकण्याआधी वर बघा. पानं शिवून केलेलं घरटं दिसलं तर ते ओंबिलांचं, म्हणजे झाडावरच्या लाल मुंग्यांचं, त्यांच्या चाव्यानं पोर तासभर रडतं.

दुपार झोपेत. चारला उठून कलिंगड.

बाणकोटचा किल्ला संध्याकाळी ठरला होता. हिंमतगड त्याचं दुसरं नाव, आणि इंग्रजांनी त्याला फोर्ट व्हिक्टोरिया म्हटलं. खाडीच्या मुखावरचा जांभ्याचा लहानसा किल्ला, गाडी जवळपर्यंत जाते. पण निघता निघता वाडीत पालखी आल्याचं कळलं आणि किल्ला तासाभरात उरकला. जांभा दिवसभराचं ऊन धरून ठेवतो, साडेपाचलाही तळपायाला चटका बसतो, बूट काढू नका. तटाच्या कडेला आडोसा नाही.

शिमग्यानंतरही ग्रामदेवतेची पालखी घरोघर फिरते. अंगण शेणानं सारवलेलं, रांगोळी, ओटीचं ताट, नारळ, गाऱ्हाणं. मग ढोल वाजतात आणि पालखी नाचवतात. लहान मुलाला ढोल अंगणभर दणाणताना सोसत नाही. वीस-पंचवीस पावलं मागे, गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, पलीकडे थांबावं. आजीनं तळहात कानांवर धरले, तरी पहिल्या थापेला ओठ बाहेर आले. चौथ्या-पाचव्या थापेला मान डोलायला लागली, आणि ढोल थांबल्यावर खरं रडं फुटलं. काकूंनी प्रसादाचं खोबरं हातावर ठेवलं. खोबऱ्याचा तुकडाही तसा देऊ नये, किसून द्यावा.

तिसरा दिवस : केळशी, आंजर्ले

सकाळी पुन्हा किनारा. पिल्लं होती, पण गर्दी दुप्पट, त्यामुळे दहा मिनिटांत माघार. गर्दीचे दिवस टाळता आले तर टाळा. महोत्सवाच्या तारखा दरवर्षी घरट्यांवर ठरतात, म्हणून निघायच्या दोन दिवस आधी राहत्या घरी फोन करून ‘पुढच्या तीन दिवसांत घरटं निघायचंय का’ हे विचारायचं. तारीख नाही, घरटं विचारायचं.

आठला निघून केळशी. रस्ता डोंगरातून वळणावळणाचा, पुन्हा दूध नंतर. केळशीला महालक्ष्मीचं देऊळ, शांत, दगडी फरशीचं. चैत्रात यात्रा भरते तेव्हा इथे पाय ठेवायला जागा नसते, आता फाल्गुनात आवार पोरासाठी मोकळं होतं. फरशी दहापर्यंत गार असते. देवळात पोर धावलं तर कुणी रागावत नाही. पुजाऱ्यांनी घंटेपाशी उचलून धरलं, मग मात्र तिथून हलायला दहा मिनिटं लागली.

आडे, पाडले करत आंजर्ले. मुक्काम गावातल्या आगरात. दुपारी पानावर उकडीचे मोदक. गरम मोदकाच्या आतलं सारण बाहेरून कळत नाही इतकं तापलेलं असतं. फोडून पाच मिनिटं ठेवायचा, मग बोटानं बघायचा.

संध्याकाळी कड्यावरचा गणपती, उजव्या सोंडेचा. गाडीनं थेट जाता येतं, पाखाडीनं, म्हणजे दगडी पायवाटेनं, चढायचं तर पोर पाठीवर हवं. देवळाच्या आवारातून खाली समुद्र आणि सुवर्णदुर्ग दिसतो. पोराला त्यातलं काही दिसत नाही, तिला तळ्यातले मासे दिसतात. तळ्यापाशी एक मोठं माणूस फक्त तिच्यासाठी राहू द्या, ज्याच्या हातात मोबाइल नाही असं.

रात्री डास. पूर्ण बाह्या, मच्छरदाणी, आणि ती गादीखाली चारी बाजूंनी खोचणं. उदबत्ती-कॉइल बंद खोलीत नको, पडवीत चालेल. हीच रात्र पहिल्यांदा सलग नऊ तास झोपेची झाली. मुलाला नव्या जागेची सवय व्हायला दोन रात्री लागतात. शनिवार-रविवारची सहल करून पोर किरकिरं झालं म्हणणाऱ्यांचा हिशेब इथे चुकतो.

चौथा दिवस : हर्णै, दापोली, पुणे

हर्णैचा मासळीचा लिलाव बहुतेक माणसं संध्याकाळी बघतात. पोर बरोबर असेल तर सकाळीच जावं, गर्दी कमी आणि ऊन कोवळं. वाळूवर पाट्या, बोली, बर्फ, ओले दोर. जमीन निसरडी आणि माशांचे काटे पडलेले, म्हणून इथे पोर खाली नाही. बंद बूट घालून कडेवर. एका मावशींनी पाटीतला जिवंत खेकडा उचलून लांबूनच दाखवला, लेकीनं स्वतःच्या बोटांच्या नांग्या करून उत्तर दिलं. घरी न्यायची असेल तर मासळी बर्फात आणि थर्मोकोलच्या खोक्यात. पोराच्या ताटात सुरमईचा मधला तुकडा, काटा एकच असतो आणि निघतोही अख्खा. मांदेली-बोंबलाच्या नादी या वयात लागू नये.

दापोलीत कोकण कृषी विद्यापीठ, 1972 चं. रोपं घ्यायची असतील तर तिथे. आंब्याची पेटी बागेतूनच घेतली, फळं तयार पण हिरवी. घरी आल्यावर भाताच्या पेंढ्यात अढी लावायची, आठ-दहा दिवस. मुलाच्या तोंडी जाणारं फळ रसायनानं पिकवलेलं नको असेल तर हाच मार्ग. पेटी गाडीत मुलाच्या सीटशेजारी ठेवू नये, फटीतून बोटं जातात आणि देठाच्या चिकाला लागतात. डिकीत, सावलीत.

दापोली–खेड–महामार्ग–माणगाव–ताम्हिणी. कशेडीला आता बोगदा आहे, घाटाची वळणं टळतात आणि पोर झोपलेलंच राहतं. साडेअकराला निघालो, म्हणजे गाडीच दुपारच्या झोपेची खोली. सूर्य ज्या बाजूला येणार त्या खिडकीला सुती पडदा. महाडनंतर पडदा दुसऱ्या बाजूला घ्यावा लागतो. माणगावला तासभर थांबा, ताक-भात, धावपळ. दोन तासांहून जास्त पट्ट्यात बांधून ठेवायचं नाही हा नियम परतीला मोडावासा वाटतो, आणि तिथेच रडारड होते.

घरी आल्यावर पहिलं काम सीटच्या बकलचं. किनाऱ्यावरची वाळू त्याच्या खाचेत जाते, मग बकल खट्ट आवाज न करता नुसतं टेकतं आणि लागलं असं वाटतं. सीट उलटी करून झटकायची, व्हॅक्यूमनं खाच ओढून घ्यायची, आणि पाच-सहा वेळा लावून-काढून खट्ट ऐकू येतंय का बघायचं. आमच्या बकलमधून आलेली वाळू चहाच्या चमच्याला थोडी कमी भरली. तेल घालू नका, तेलाला वाळू जास्त चिकटते.